उर्वशीपासून रिकाम्या कुंड्यांपर्यंत

आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला सहा महिने झाले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आता भरपूर चाला, फक्त चढउतार नकोत." आईने आयुष्यभर सुट्टी म्हटली की एखादा गड गाठलेला. "सपाटीवर बघण्यासारखं काय असतं गं?" तिने विचारलं. मी म्हटलं, "झाडं. जुनी, मोठी, नावानिशी लावलेली झाडं." गाडीने जाऊन येण्यासारख्या बागांची यादी त्याच संध्याकाळी केली आणि मार्चचा शेवटचा आठवडा ठरवला.

मार्चअखेर हे ऐकून दोघांतिघांनी वेड्यात काढलं. बागा बघायच्या त्या डिसेंबर-जानेवारीत, ताटवे फुललेले असताना, असा सगळ्यांचा हिशोब. ताटवे बघायचे असतील तर तो बरोबरच आहे. पण झाड बघायचं असेल तर फाल्गुन-चैत्रासारखा काळ नाही. पानगळ पुरती संपलेली नसते आणि पालवी सुरू झालेली असते. एकाच फांदीवर गेल्या वर्षीची वाळकी शेंग, यंदाचं फूल आणि कालच फुटलेलं पान दिसतं. पानांचा पडदा नसल्यामुळे खोड कुठे दुभंगलं, फांदी कुठे वळली, सगळं उघडं असतं. मला झाडांचा हा काळ मनापासून आवडतो.

आईने एकच अट घातली. एका दिवसात एकच बाग. सामानात घडीची खुर्ची, दुर्बीण, दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग आणि आईची वही. या सगळ्यात खुर्चीचा उपयोग सर्वांत जास्त झाला. जिथे ती मांडली तिथे किमान वीस मिनिटं थांबावं लागलं, आणि वीस मिनिटांत एका झाडाखाली जे दिसतं ते चालता चालता दिसत नाही.

पहिला दिवस : एम्प्रेस गार्डन, पुणे

सुरुवात गावातूनच. रेसकोर्सजवळचं एम्प्रेस गार्डन आम्ही दोघींनी अनेकदा पाहिलं होतं, पण ते प्रजासत्ताक दिनाच्या सुमाराच्या पुष्पप्रदर्शनात, गर्दीच्या रेट्याबरोबर. मार्चमधल्या साध्या मंगळवारी सकाळी तिथे फिरायला येणारी चार माणसं, झाडणाऱ्या मावशी आणि पोपट.

ही बाग सुमारे ३९ एकरांची. पूर्वी हिला सोल्जर्स गार्डन म्हणत. व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी म्हणवून घेण्यात येऊ लागलं, त्यानंतर हिचं नाव एम्प्रेस गार्डन झालं. बाग सांभाळते ती ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही १८३० साली स्थापन झालेली संस्था. हे नाव लक्षात ठेवा, कारण पुढे मुंबईत ते पुन्हा भेटणार होतं.

आत शिरल्यावर मी वडाकडे निघाले होते, पण आई मध्येच थांबली. तिची नजर वर नव्हती, आडवी होती. माणसाच्या कमरेएवढं जाड काहीतरी जमिनीवरून उठून, स्वतःभोवतीच पीळ घालून एका झाडावर चढलं होतं आणि तिथून पुढच्या झाडावर गेलं होतं. "गारंबी!" आई म्हणाली. "ही इथे कशी?" तिचं माहेर कोकणातलं. तिकडे रानात, ओढ्याकाठी ही वेल असते, आणि तिच्या बिया लहानपणी खेळायला असत. मी खुर्ची मांडली.

गारंबीची शेंग मीटरभर लांब वाढते, कधी त्याहूनही जास्त. चपटी, कमरपट्ट्यासारखी, प्रत्येक बीसाठी वेगळा कप्पा. वाळली की ती एकदम उकलत नाही, एकेक कप्पा सुटून खाली पडतो. बी तळहातात मावेल एवढी, तपकिरी, गुळगुळीत, दगडासारखी कडक. आत हवेची पोकळी असल्यामुळे ती पाण्यावर तरंगते. ओढ्यातून नदीत, नदीतून समुद्रात, आणि समुद्रातून महिनोन्‌महिने वाहत दुसऱ्याच देशाच्या किनाऱ्यावर लागते. तरीही रुजायची ताकद शिल्लक असते. "आम्हाला वाळूत सापडायच्या," आई म्हणाली, "आम्हाला वाटायचं, समुद्रच देतो." वेलीच्या पिळावर तिने हात ठेवला. साल खडबडीत, खवल्यांची, आणि पिळाच्या आतल्या बाजूला मुंग्यांचा सरळ रस्ता.

वडाखाली आम्ही उशिरा पोचलो. पारंब्या जमिनीत उतरून त्यांचीच खोडं झालेली, त्यामुळे मूळ खोड कोणतं हे ओळखायला दोघींना फेरी मारावी लागली. पण त्या दिवसाचं माझं झाड वेगळंच निघालं : वावळ. पुण्यात रस्तोरस्ती असतो, म्हणून कुणी बघत नाही. मार्चमध्ये त्याला पान नसतं. सगळ्या फांद्या फिकट हिरव्या चकत्यांनी लगडलेल्या असतात आणि लांबून ती पालवीच वाटते. भिंगाखाली धरली तर चकती म्हणजे कागदासारखा गोल पंख, मध्ये एक चपटी बी, पंखावर बारीक शिरांचं जाळं, आणि वरच्या टोकाला इवलीशी खाच. वारा आला की शेकडो चकत्या एकदम सुटतात, आणि सरळ खाली न पडता गिरक्या घेत लांब जातात. आईच्या केसांत, खुर्चीच्या कापडावर, वहीच्या पानांत त्या अडकल्या. वहीतल्या तिने राहू दिल्या.

दुसरा दिवस : राणीची बाग, मुंबई

पहाटे निघालो. बोरघाटात उन्हं येता येता डोंगरउतारावर पांगाऱ्याचा लाल रंग दिसला, आणि मध्येमध्ये कांडोळाची पांढरीफटक खोडं. याला भुत्या म्हणतात ते उगाच नाही. घाटात गाडी थांबवता येत नाही, म्हणून आईने दुर्बीण लावून जेवढं मिळेल तेवढं बघून घेतलं.

राणीची बाग, म्हणजे भायखळ्याचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, बुधवारी बंद असतं. त्या दिवशी बुधवारच होता. हे मला घाट उतरल्यावर आठवलं. मग दुसरा दिवस दादरला मावशीकडे गेला आणि बाग गुरुवारी, म्हणजे तिसऱ्या दिवशी पाहिली. जाणाऱ्यांनी वार आधी बघावा.

तिसरा दिवस : पुन्हा राणीची बाग

फाटक उघडताच आत गेलो. बहुतेक लोक झपाझप पेंग्विनच्या दिशेने चालू लागले. आम्ही मात्र डावी-उजवीकडे बघत, खुर्ची काखेत, सावकाश.

इथे येण्याआधी या बागेचा मूळ पत्ता वेगळा होता. परवा एम्प्रेसमध्ये ज्या सोसायटीचं नाव वाचलं, त्याच नावाच्या सोसायटीला १८३५ साली शिवडीला जमीन मिळाली होती आणि तिथे वनस्पती उद्यान होतं. पुढे ती जागा युरोपियनांच्या दफनभूमीसाठी घेतली गेली आणि बागेला भायखळ्यात ३३ एकर जागा मिळाली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. तेव्हा नाव व्हिक्टोरिया गार्डन्स. १८७३ मध्ये बाग नगरपालिकेकडे आली. प्राणी आले ते त्यानंतर. म्हणजे ही आधी झाडांची बाग आहे, प्राणिसंग्रहालय नंतरचं. आज इथे २८६ जातींची ३,२१३ झाडं असल्याची नोंद आहे. प्राणिसंग्रहालयाच्या नूतनीकरणाच्या आराखड्यात ही झाडं धोक्यात येतील असं दिसलं, तेव्हा काही मुंबईकर स्त्रियांनी पुढे होऊन वर्षानुवर्षं लढा दिला, झाडांची माहिती गोळा केली, लोकांना हिंडून दाखवली. ती झाडं आज उभी आहेत यात त्यांचा मोठा वाटा आहे. बागेत फिरताना मला हे सतत आठवत होतं.

भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाजूला दगडी हत्ती आहे. घारापुरीचा तो हा. बेटाला पोर्तुगीजांनी एलिफंटा नाव दिलं ते याच्यावरून. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा प्रयत्न झाला, उचलताना तुटला, आणि तुकडे जोडून पुढे उभा केला. सांधे दिसतात. आईने ते मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

गोरखचिंचेचं झाड पूर्ण निष्पर्ण होतं. आफ्रिकेतलं हे झाड अरब आणि आफ्रिकी व्यापाऱ्यांबरोबर आपल्या किनाऱ्यावर शतकांपूर्वी आलं. भलंमोठं, करडं, गुळगुळीत खोड, आणि वर त्या मानाने किरकोळ फांद्या, जणू मुळं वर करून लावलंय. खोडाच्या मऊ लाकडात ते पाणी साठवतं. फुलं पावसाळ्याच्या तोंडाशी येतात. पांढरी, लांब देठाला खाली लोंबणारी. संध्याकाळी उमलतात आणि रात्री वटवाघळं त्यांच्यावर येतात. खोडाला हात लावला तर ऊन असूनही थंड लागलं.

पण आम्ही आलो होतो उर्वशीसाठी. ब्रह्मदेशातलं झाड. कोलकात्याच्या वनस्पती उद्यानाचे वालिख यांना ते तिथल्या एका मठाच्या जुन्या बागेत दिसलं आणि गव्हर्नर जनरल ॲम्हर्स्ट यांच्या पत्नी नि मुलीवरून त्यांनी त्याला ॲम्हर्स्टिया नोबिलिस नाव दिलं. रानात हे झाड फार दुर्मीळ आहे. जगात जिथे जिथे ते दिसतं तिथे बहुतेक कुणीतरी लावून जपलेलंच.

फुलं होती. झुंबरासारखे लोंबते घोस, लाल, आणि प्रत्येक फुलाच्या मोठ्या पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका. फोटोत हे सगळं दिसतं. फोटोत जे नीट कळत नाही ते आईने दाखवलं. फुलांच्या शेजारच्या फांदीला एक जुडगा लोंबत होता, तांबूस-जांभळट, हातभर लांब. मला वाटलं वाळून गेलेली फांदी. आईने बोटांत धरला. "अगं, ही पालवी आहे. ओल्या फडक्यासारखी आहे बघ." खरंच होतं. पानांचा संपूर्ण संच एकदमच बाहेर येतो, पण त्यात अजून ताठपणा नसतो आणि हिरवा रंगही नसतो. काही दिवस तो तसाच लुळा, सावलीत झुकलेला राहतो. मग रंग तांबूसवरून फिकट हिरव्यावर येतो, देठात बळ येतं आणि पान आडवं होतं. कोवळ्या पानाला कडक उन्हापासून आणि खाणाऱ्या किड्यांपासून यातून संरक्षण मिळत असावं, असं अभ्यासक मानतात. हिरवं द्रव्य भरण्याचा खर्च झाड उशिरा करतं, तोवर किड्याच्या तोंडी गेलं तर नुकसान कमी.

गंमत अशी की एकदा हे ओळखता आलं की बागेत सगळीकडे दिसू लागतं. सीतेच्या अशोकाला तशीच लोंबती तांबडी पालवी, शेंदरी फुलांच्या झुपक्यांच्या मधोमध. ब्राऊनियालाही तशीच. तिन्ही झाडं शेंगवर्गातली, एकाच गोतावळ्यातली. एक ब्रह्मदेशची, एक आपली, एक दक्षिण अमेरिकेची, आणि बाळंतपणाची रीत एकच, असं आई म्हणाली. हे मी तिच्याच शब्दांत वहीत लिहून घेतलं.

कैलासपतीखाली दीड तास गेला. याची फुलं फांदीच्या टोकाला येत नाहीत. खोडातूनच दोरखंडासारख्या वाकड्यातिकड्या फांद्या निघतात आणि त्यांना. तोफगोळ्यासारखी फळं शेजारीच लटकलेली, त्यामुळे खाली उभं राहताना जरा वर बघून उभं राहावं. ताजं पडलेलं एक फूल मी उचललं. सहा जाडसर पाकळ्या, बाहेरून पिवळट, आतून गुलाबी-लाल. मधोमध पिंडी, तिच्याभोवती आखूड पुंकेसरांचं कडं, आणि एका बाजूने उठून पिंडीवर वाकलेला केसरांचा फणा. लोकांना यात महादेव आणि नाग दिसला यात नवल नाही. भिंगातून बघितलं तर कड्यातले केसर आणि फण्यातले केसर वेगळे आहेत हे स्पष्ट कळतं. फण्यातले पराग भुंग्याला खायला, कड्यातले पराग त्याच्या अंगाला लागून दुसऱ्या फुलापर्यंत जायला. एक भुंगा आला, फण्याखाली शिरला, आणि बाहेर पडला तेव्हा त्याची पाठ पिवळी झाली होती. आईने टाळी वाजवली आणि मग इकडेतिकडे बघितलं. आजूबाजूला कुणीच नव्हतं.

निघताना कृष्णवड. याच्या पानाच्या देठाशी पान दुमडून द्रोणासारखा खिसा होतो. कृष्णाने लोणी लपवलं ते यात, अशी गोष्ट. खाली पडलेल्या पानाच्या द्रोणात आईने थोडं पाणी ओतलं. थांबलं.

चौथा दिवस : माहीमचं निसर्ग उद्यान

परतीच्या वाटेवर महाराष्ट्र निसर्ग उद्यान केलं. धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी ३७ एकर. ही जागा म्हणजे शहराचं कचऱ्याचं मैदान होतं. त्यावर माती पसरून झाडं लावली आणि १९९४ मध्ये उद्यान लोकांना खुलं झालं. इथली झाडं राणीच्या बागेसारखी निवडक नाहीत, एकेकट्याने उभी नाहीत. दाट, एकमेकांत घुसलेली, जंगलासारखी. करंजाला नवी पालवी आली होती, इतकी तकतकीत की ऊन तिच्यावरून घसरत होतं. आईला पायाखालची जमीन बघायची होती. वाटेकडेची माती तिने काठीने जराशी उकरली. काळी, भुसभुशीत, गांडुळांची. खाली काय पुरलंय याचा मागमूस नाही. तासाभरात उन्हाने हैराण झालो आणि निघालो. पुन्हा यायचं तर पावसाळ्याच्या शेवटी, फुलपाखरांच्या दिवसांत.

पाचवा दिवस : विश्रांती, आणि संध्याकाळी गणेशखिंड

गुडघा सुजला होता. दिवसभर बर्फ लावून पाय वर. संध्याकाळी आईच म्हणाली, गाडीतून तरी चल. गणेशखिंडीचं उद्यान १८७३ सालचं, आज कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र. जुन्या आमराया आणि त्यांच्यामध्ये वाढलेली जंगली झाडं यांमुळे २०२० मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. ३३ हेक्टरांहून थोडं जास्त क्षेत्र. आम्ही एका आंब्याच्या सावलीत गाडी लावून काचा खाली केल्या आणि बसलो. वर सुपारीएवढ्या कैऱ्या, धनेशांची एक जोडी, आणि मोहराचा उरलासुरला वास. कितीही वेळ बसले असते.

इथे एक मनातलं लिहिते. या प्रवासात एका बागेत (नाव लिहीत नाही) नावाच्या पाट्या खिळ्यांनी खोडात ठोकलेल्या दिसल्या. खोड जाड होत जातं तसं ते पाटी गिळत जातं, आणि खिळ्याच्या भोकातून कीड आणि बुरशी आत जाते. पाटी जमिनीत खुंटीवर लावता येते, किंवा सैल स्प्रिंगने बांधता येते. तिथेच दोन झाडांच्या बुंध्याशी थेट खोडापर्यंत काँक्रिट केलं होतं. मुळांना हवा आणि पाणी कुठून मिळणार? नाव सांगण्यासाठी लावलेली पाटीच झाडाच्या जिवावर उठावी, हे बघवत नाही. आपल्या जवळच्या बागेत असं दिसलं तर तिथल्या माणसांना जाऊन सांगावं. आम्ही सांगितलं.

सहावा दिवस : कोल्हापूरचा रस्ता

पुणे-कोल्हापूर म्हणजे साधारण २३० किलोमीटर. हा दिवस रस्त्याचाच. खंबाटकी घाटात कोशिंब पेटले होते. नवख्याला ती फुलं वाटतात. पानंच असतात, कोवळी, तांब्याच्या भांड्यासारखी लाल. आठ-दहा दिवसांत हिरवी होतात, म्हणजे ज्याने हा आठवडा चुकवला त्याला पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागतं. पुढे रस्ता रुंद आणि उघडा. कडेचे जुने वड आता तुरळक उरलेत. कुठला वड कुठे होता हे आईला आठवत होतं, आणि ती नावासकट सांगत होती : इथे एसटी थांबायची, इथे आम्ही डबा सोडला होता. संध्याकाळी कोल्हापुरात पोचलो.

सातवा दिवस : शिवाजी विद्यापीठाचं वनस्पती उद्यान

परवानगी आधी घेतली होती. विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाचं हे उद्यान. केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने त्याला 'लीड बोटॅनिक गार्डन' म्हणून निवडलं, आणि त्याचं मुख्य काम म्हणजे पश्चिम घाटातल्या प्रदेशनिष्ठ (फक्त तिथेच उगवणाऱ्या) आणि धोक्यात आलेल्या वनस्पती जपणं. प्रा. एस. आर. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सह्याद्रीचे कडे-सडे पालथे घालून जे काम केलं, ते इथे कुंड्यांत आणि वाफ्यांत उतरलंय.

कंदीलपुष्पं बघायची म्हणून मी आले होते, हे जाणून की मार्चमध्ये फूल नसतं. पण इतकं काही नसेल असं वाटलं नव्हतं. माळीदादांनी दाखवलं तिथे मातीच्या कुंड्या होत्या, ओळीने. प्रत्येकीवर पाटी. सेरोपेजिया सह्याद्रिका. सेरोपेजिया जैनी. सेरोपेजिया लॉई. आणि कुंडीत माती. कोरडी, भेगाळलेली. बाकी काही नाही.

"आत्ता काय दिसणार हो मावशी," दादा आईला म्हणाले. "झोपल्यात सगळी."

आईने खुर्ची त्या कुंड्यांसमोरच मांडायला सांगितली.

कंदीलपुष्पाचं वर्ष असं असतं. पहिल्या पावसाबरोबर कंदाला कोंब फुटतो. जुलै-ऑगस्टमध्ये बारीक वेल किंवा वीतभर रोप, आणि मग फूल. फूल म्हणजे खाली फुगीर, मध्ये अरुंद नळी, आणि वर पाच पाकळ्या टोकाशी जुळून केलेला पिंजरा, आकाशकंदिलासारखा. बारीक माशी वासाने त्यात येते आणि नळीतून खाली घसरते. नळीच्या आतले केस खालच्या दिशेने वळलेले असतात, त्यामुळे तिला वर येता येत नाही. रात्र ती तळाशी काढते, तिथे परागांच्या पुंजक्या तिच्या अंगाला अडकतात. मग केस मलूल पडतात, फूल कलतं, आणि माशी सुटते. दुसऱ्या फुलात पुन्हा फसते, आणि परागीभवन होतं. पाऊस संपताना रोप वाळतं, वरचं सगळं नाहीसं होतं. उरलेलं अर्ध्याहून जास्त वर्ष हे झाड म्हणजे जमिनीतला एक कंद.

हेच त्याच्या जिवावर येतं. गुराखी हे कंद खणून खातात, साळिंदर आणि रानडुकरंही खातात. आणि कड्यावर, सड्यावर कुणी रस्ता किंवा घर काढलं तर उन्हाळ्यात तिथे काही होतं हे कुणाला दिसतच नाही. काही जाती एखाद-दोन डोंगरांपुरत्याच आहेत. एक पठार गेलं की जात गेली.

दादांनी एका कुंडीतली माती बोटांनी अलगद बाजूला केली. दोन बोटं खाली कंद होता, चपटा, लहान आवळ्याएवढा, मातकट, वर मधोमध गेल्या वर्षीच्या देठाची वाळकी खूण. आईने हात पुढे केला आणि मागे घेतला. "पाणी?" तिने विचारलं. "थेंबभर न्हाई," दादा म्हणाले. "आत्ता पाणी घातलं की कुजतोय. न घालणं हेच काम." त्यांनी माती परत सारली आणि तळव्याने दाबली, झोपलेल्या पोराचं पांघरूण सारखं करावं तशी.

पलीकडच्या कुंडीत निदान काहीतरी होतं : मांसल, करडे-हिरवे, बोटाएवढे जाड दांडोरे, पानं गळालेले. शिंदळ माकुडी. शिवनेरी-जुन्नरच्या कड्यांसारख्या मोजक्या ठिकाणी उगवणारी. पावसाळ्यात तिला पानं येतात आणि चांदणीसारखं गडद तांबडं फूल. वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेल यांनी १९व्या शतकात तिचं शास्त्रीय नाव ठेवलं ते फ्रेरिया इंडिका, गव्हर्नर फ्रिअर यांच्या नावावरून. मी आईला सांगितलं, चार दिवसांपूर्वी आपण ज्या बागेत होतो ती उघडली ती याच फ्रिअरांच्या बायकोने. आई बराच वेळ त्या दांडोऱ्यांकडे बघत राहिली. दीडशे वर्षांपूर्वीच्या बागांनी आफ्रिकेतून, ब्रह्मदेशातून, अमेरिकेतून झाडं आणली आणि ती आपली झाली. त्यांच्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. पण शिवनेरीच्या कड्यावरचं रोप तिथून नाहीसं झालं तर ते कुठल्या जहाजातून येणार नाही. म्हणून या सात दिवसांत पाहिलेल्या सगळ्या झाडांपेक्षा त्या मातीच्या कुंड्या माझ्या जास्त लक्षात राहिल्या.

उन्हं चढली. आईने वही काढली आणि पाट्यांवरची नावं एकेक करून उतरवायला लागली. अडलं की दादांना विचारत होती, ते वाचून दाखवत होते. वहीतून वावळाच्या दोन चकत्या निसटून कुंडीच्या मातीवर पडल्या. दादांनी त्या वेचून तिच्या हातावर ठेवल्या.

"फूल बघायला कधी येऊ?" तिने विचारलं. "नक्की तारीख सांगा."

दादांनी डोकं खाजवलं. "पाऊसपाण्यावर हाय. पण पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन करून निघा. गावतंय काहीतरी."

आईने शेवटच्या नावाखाली लिहिलं, १६ ऑगस्ट. आणि त्याच्या शेजारी, खुर्ची घेणे.